पहिलारू सशीण आणि तिची पिल्ले

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, वाड्यात किंवा शाळेच्या आवारात पांढरे ससे पाळलेले असतील, तर एक प्रसंग कधीतरी नक्की येतो. सकाळी गवत घालायला जावे, तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात केसांचा ढीग दिसतो आणि त्या ढिगात काहीतरी वळवळत असते. सशीण व्यायलेली असते. घरभर आनंद होतो. पण दुपार होते, संध्याकाळ होते, तरी सशीण पिल्लांजवळ फिरकत नाही. ती दुसऱ्या कोपऱ्यात बसून शांतपणे गवत चघळत असते. मग कोणीतरी म्हणते, "हिने पिल्ले टाकली." कोणी बाटलीतून गाईचे दूध पाजू लागते, कोणी पिल्ले उचलून घरात आणते, कोणी सशिणीला जबरदस्तीने पिल्लांवर बसवते. आणि दोन-तीन दिवसांत पिल्ले एकेक करून मरतात.

अशा वेळी पिल्ले आईच्या दुर्लक्षाने गेली असे आपण समजतो. पुष्कळदा ती आपल्याच प्रेमाने गेलेली असतात. सशीण आई कशी असते हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून मांजरीच्या किंवा कुत्रीच्या मापाने आपण तिला मोजतो. तेव्हा या लेखात आपण दोन गोष्टी पाहू. सशीण जशी वागते तशी का वागते, ही पहिली. आणि पहिल्यांदाच आई होणाऱ्या, म्हणजे पहिलारू सशिणीला आपण नेमकी कोणती मदत करावी आणि कोणती करू नये, ही दुसरी.

दोन ससे, दोन रीती

मराठीत आपण 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना वापरतो. आपल्या माळरानावर, उसाच्या फडात किंवा गवताळ पडीक जमिनीत उड्या मारत जाणारा तपकिरी ससा म्हणजे रानससा. तो बीळ करीत नाही. त्याची मादी उघड्यावरच, गवताच्या आडोशाला पिल्ले घालते. ही पिल्ले जन्मतःच केसाळ असतात, त्यांचे डोळे उघडे असतात आणि थोड्याच वेळात ती हालचाल करू लागतात.

आपण पाळतो तो ससा निराळा. त्याचे मूळ घर युरोपात, स्पेन आणि पोर्तुगालच्या बाजूला. तो बिळात राहणारा प्राणी आहे. त्याची पिल्ले जन्मतात तेव्हा उघडी-नागडी, गुलाबी असतात. डोळे मिटलेले आणि कान बंद. वजन फार तर ५०-६० ग्रॅम, म्हणजे एखाद्या कोंबडीच्या अंड्याएवढे. अशी दुबळी पिल्ले उघड्यावर एक रात्रही जगणार नाहीत. म्हणून रानातली सशीण त्यांच्यासाठी जमिनीत वेगळे छोटे बीळ खणते, त्यात गवत पसरते, त्यावर स्वतःच्या छातीचे आणि पोटाचे केस उपटून मऊ गादी करते. पिल्ले झाली, त्यांना दूध पाजले, की ती बाहेर येते आणि बिळाचे तोंड मातीने बंद करून निघून जाते.

पिंजऱ्यातल्या सशिणीला बीळ नसते, माती नसते. पण तिच्या शरीरातले आणि स्वभावातले सगळे नियम त्या बिळासाठी बनलेले आहेत. आपल्याला करायचे ते एवढेच, की पिंजऱ्यात तिला बिळासारखी एक जागा करून द्यायची. बाकीचे बहुतेक काम ती स्वतः करते.

एकतीस दिवसांचा हिशेब

सशीण साधारणपणे ३१ दिवस गाभण असते. एक दिवस मागे किंवा पुढे. म्हणजे नर आणि मादी १ जुलैला एकत्र आणली असतील, तर १ ऑगस्टच्या सुमारास पिल्ले होतील. ही तारीख वहीत लिहून ठेवणे ही पहिली तयारी. तारीख ठाऊक नसेल तर पिल्ले जाळीच्या तळावर पडतात आणि आपल्याला कळेपर्यंत गार होऊन जातात. मध्यम आकाराच्या जातीची सशीण निदान पाच-सहा महिन्यांची झाल्याशिवाय तिला पिल्ले होऊ देऊ नयेत. त्याआधी तिची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते.

आणखी एक गोष्ट आधीच विचारात घ्या. एका विणीत पाच-सहा पिल्ले सहज होतात, कधी आठ-दहाही होतात. दोन महिन्यांनी त्या सगळ्यांना घर लागेल. त्याची सोय नसेल तर नर-मादी वेगळी ठेवणे हेच शहाणपणाचे.

२७व्या किंवा २८व्या दिवशी पिंजऱ्यात एक लाकडी खोके ठेवा. फळांची पेटी असते त्या लाकडाचे खोके चालते; पण त्याला खिळ्यांची टोके किंवा कुसे निघालेली नसावीत. सुमारे ४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि तितकेच उंच असले की पुरे. एका बाजूची फळी कापून १५ सेंटिमीटर उंचीची ठेवावी. त्यामुळे सशिणीला सहज आत जाता येते, पण आंधळी पिल्ले बाहेर घरंगळत नाहीत. खाली ओल निघून जायला तीन-चार लहान भोके पाडा. तळाशी पुठ्ठा घाला, त्यावर सुताराकडून आणलेले रंध्याचे पातळ छिलके पसरा आणि वर भरपूर कोरडे, मऊ गवत भरा. मधोमध मुठीने दाबून एक खळगा करा. कापूस, लोकर, सुतळी किंवा चिंध्यांचे दोरे मात्र घालू नका. ते पिल्लांच्या पायांना आणि मानेला गुरफटतात आणि फास बसतो.

खोके कुठे ठेवायचे? सशीण एका ठरलेल्या कोपऱ्यात लघवी आणि लेंड्या करते. तो कोपरा सोडून दुसऱ्या कोपऱ्यात. खोके फार आधी ठेवले तर तीच जागा ती घाण करायला वापरू लागते. फार उशिरा ठेवले तर तिला त्याची सवय होत नाही. म्हणून २७वा-२८वा दिवस.

पिंजऱ्याचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवायला विसरू नका. आपल्याकडे मुंग्या ही नवजात पिल्लांची मोठी वैरी. उंदीर, मांजर आणि साप यांच्यासाठी जाळी घट्ट आणि बारीक हवी.

केस का उपटते?

व्यायच्या एक-दोन दिवस आधी किंवा अगदी त्याच रात्री सशीण तोंडात गवताच्या काड्या आडव्या धरून खोक्यात नेऊ लागते. मग छातीचे आणि पोटाचे केस दातांनी उपटते. पाहणाऱ्याला वाटते, हिला दुखत असेल. पण ते केस त्या वेळी मुळाशी सैल झालेले असतात. गाभणपणाच्या शेवटी तिच्या रक्तातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम कमी होते आणि प्रोलॅक्टिन वाढते. याच बदलाने केस सुटतात, घरटे बांधण्याची ओढ लागते आणि दूधही तयार होऊ लागते. एका किल्लीने तीन कुलुपे उघडावीत तसे हे आहे.

केस उपटण्याचे दोन फायदे होतात. पिल्लांना पांघरूण मिळते आणि पोटावरचे सड उघडे पडतात. सशिणीला बहुधा आठ ते दहा सड असतात. दाट केसांत ते आंधळ्या पिल्लांना सापडले नसते.

कधी कधी गाभण नसलेली सशीणही सतराव्या-अठराव्या दिवशी केस उपटून घरटे करते. ही खोटी गाभण. संप्रेरकांनी दिलेली ही हूल असते. घाबरण्याचे कारण नाही, पण वहीतली तारीख पाहिली की खरे-खोटे लगेच कळते.

व्यायण्याची वेळ

सशीण बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे विते. सगळी पिल्ले अर्ध्या तासाच्या आत होतात. प्रत्येक पिल्लाला ती चाटून स्वच्छ करते, वार खाऊन टाकते आणि त्याच वेळी पहिले दूध पाजते. मग ती तहानेने व्याकूळ होते. त्या रात्री पाण्याचे भांडे भरलेले असलेच पाहिजे. तहानलेली, घाबरलेली किंवा गोंगाटाने बिथरलेली पहिलारू सशीण कधी कधी पिल्लांना तुडवते, चावते, अगदी खातेसुद्धा. वार खाता खाता तिचे दात पिल्लापर्यंत पोचतात, हेही होते. म्हणून त्या दोन-तीन दिवसांत पिंजऱ्याभोवती शेजारपाजारच्या मुलांची गर्दी, कुत्र्याचे भुंकणे, रेडिओचा मोठा आवाज, फटाके यांतले काहीही नको. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना गोणपाट लावून आडोसा केला तर तिला धीर येतो.

नराला मात्र आधीच दुसऱ्या पिंजऱ्यात हलवा. सशीण व्यायल्यानंतर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. पोटात एक वीत आणि अंगावर दुसरी, असा दुहेरी भार पहिलारू सशिणीवर पडू देऊ नये.

आठ घनांचे गणित

आता पिल्ले जगतात कशी ते पाहू. यात थोडे गणित आहे; पण सोपे.

शरीराची उष्णता बाहेर जाते ती त्वचेतून, म्हणजे पृष्ठभागातून. ती निर्माण होते शरीराच्या आत, म्हणजे घनफळात. आता १ सेंटिमीटर बाजूचा एक घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. २ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. म्हणजे दर घन सेंटिमीटरला पृष्ठभाग फक्त ३. वस्तू जितकी लहान, तितका तिचा पृष्ठभाग तिच्या मानाने जास्त आणि ती तितकी लवकर गार होते. चहाचा भरलेला पेला बराच वेळ गरम राहतो, पण बशीतला चहा पटकन निवतो, ते तुम्ही पाहिलेच आहे.

आता १ सेंटिमीटरचे आठ घन सुटे ठेवा. एकूण पृष्ठफळ आठ सक्के ४८. तेच आठ घन एकमेकांना चिकटवून एक मोठा घन करा. पृष्ठफळ २४, म्हणजे बरोबर निम्मे! खोक्यातली आठ पिल्ले एकमेकांना बिलगून गोळा होतात तेव्हा नेमके हेच करतात. पिल्ले घनाच्या आकाराची नसतात, त्यामुळे आकडे तंतोतंत तसे येणार नाहीत. पण तत्त्व तेच.

शिवाय निसर्गाने त्यांना एक शेगडीही दिली आहे. नवजात पिल्लांच्या खांद्यांच्या आणि मानेच्या भागात तपकिरी मेद असतो. हा मेद थेट उष्णता निर्माण करण्यासाठी जळतो. पण हे इंधन थोडे असते आणि दुधावाचून ते लवकर संपते. केसांच्या पांघरुणाखाली, गोळ्याच्या मधोमध तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअस असले, की पिल्लांना स्वतःला तापवण्यात फारशी शक्ती घालवावी लागत नाही. सगळे दूध वाढीकडे लागते.

यातून आपल्याला दोन धडे मिळतात. घरट्यापासून एकटे पडलेले पिल्लू, मग ते अवघ्या एका हातावर का असेना, धोक्यात असते. आणि एकुलते एक पिल्लू झाले असेल तर त्याला जास्त पांघरूण लागते, कारण बिलगायला त्याला भावंडेच नसतात.

चोवीस तासांतली चार मिनिटे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सशीण पिल्लांजवळ का बसत नाही?

१९६५ साली झॅरो, डेनेनबर्ग आणि अँडरसन या अमेरिकेतील संशोधकांनी 'सायन्स' या साप्ताहिकात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. सशीण पिल्लांना दिवसातून बहुधा एकदाच पाजते आणि तेही तीन ते पाच मिनिटेच, असे त्यांना आढळले. म्हणजे चोवीस तासांतली फार तर पाच मिनिटे ती घरट्यात असते. ही वेळ बहुतेक करून रात्रीची किंवा पहाटेची, म्हणून आपल्याला ती दिसतच नाही.

यामागचे कारण रानात आहे. कोल्हा, मुंगूस, शिकारी पक्षी हे वासावर किंवा हालचालीवर लक्ष ठेवून असतात. आई वारंवार बिळाकडे गेली तर तीच शत्रूला वाट दाखवील. पिल्लांचे रक्षण करायला तिच्याकडे ना शिकारी प्राण्यासारख्या नख्या, ना सुळे. तिच्यापाशी एकच शस्त्र आहे: दूर राहणे. आपल्याला जे दुर्लक्ष वाटते, तीच तिची राखण.

पण दिवसभराची भूक चार मिनिटांत भागवायची, तर दूध तसेच कसदार हवे. गाईच्या दुधात स्निग्ध पदार्थ सुमारे ४ टक्के आणि प्रथिने सुमारे ३ टक्के असतात. सशिणीच्या दुधात दोन्ही प्रत्येकी सुमारे १२ टक्के असतात. उलट दुग्धशर्करा गाईच्या दुधात सुमारे ५ टक्के, तर सशिणीच्या दुधात २ टक्क्यांच्या आसपास. गाईचे दूध पाजलेली पिल्ले उपाशीही राहतात आणि त्यांना हगवणही लागते, ती का, हे या आकड्यांवरून तुमच्या ध्यानात येईल.

एका वेळी पिल्लू आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके दूध पिऊ शकते. तुमचे वजन ३० किलो असेल, तर पाच मिनिटांत ६ किलो दूध पिण्यासारखे हे झाले!

आंधळ्या पिल्लाला एवढ्या थोड्या वेळात सड सापडतो कसा? वासाने. सशिणीच्या सडांभोवती आणि दुधात एक गंधद्रव्य असते. ते नाकाला लागताच पिल्लू डोके वेगाने इकडेतिकडे हलवून सड शोधते आणि काही सेकंदांत पकडते. २००३ साली फ्रान्समधील बेन्वा शाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य सशिणीच्या दुधातून ओळखून काढले. त्याचे नाव २-मिथिल-ब्यूट-२-इनाल. पिल्ले एकच सड धरून बसत नाहीत. थोड्या थोड्या वेळाने सड बदलतात. त्यामुळे सर्वांना कमीजास्त वाटा मिळतो. आई येण्याच्या वेळेच्या आधीच ती जागी होऊन पांघरुणाच्या वर येतात आणि पाजून झाले की पुन्हा खाली घुसून बिलगतात. घड्याळ नसून वेळ पाळतात!

रोजची पाहणी

आता आपले काम. ते थोडे आहे, पण रोज आणि नेमाने करायचे आहे.

व्यायल्यावर त्याच दिवशी, सशीण शांत झाल्यावर, तिला मूठभर लसूणघास किंवा हरळी देऊन बाजूला काढा. हात साध्या पाण्याने धुऊन पुसा आणि तिच्या अंथरुणातले गवत तळहातांवर चोळा. माणसाचा हात लागला की आई पिल्ले टाकते, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. पण पाळलेल्या, आपल्या हाताला सरावलेल्या सशिणीच्या बाबतीत ती खरी नाही. मांजर-कुत्र्याचा किंवा अत्तराचा वास हाताला नसावा, एवढेच. केस हळूच बाजूला करा, पिल्ले मोजा, मेलेले पिल्लू आणि वारेचे उरलेले तुकडे काढून टाका, भिजलेले गवत बदला आणि केसांचे पांघरूण पुन्हा नीट घाला. दोन मिनिटांत आटोपा.

पोट पाहा. पोट भरलेले पिल्लू गुटगुटीत, गोल दिसते. पहिल्या काही दिवसांत तर पातळ कातडीतून पोटातले पांढरे दूधही दिसते. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली, पोट खपाटीला गेलेले आणि हात लावताच ते तोंड वर करून चाचपडते. एक-दोन पिल्ले अशी दिसली तर बाकीची ती वेळ चुकवून पीत आहेत असे समजा. सगळीच पिल्ले चोवीस तासांनंतरही अशी दिसली, तर आईने पाजलेले नाही.

अडचणी आणि उपाय

पिल्लू बाहेर पडले आहे: पिताना सडाला लोंबकळत राहिलेले पिल्लू आईबरोबर खोक्याबाहेर येते. मांजर पिल्लाला मानेला धरून परत आणते, सशीण आणीत नाही. रानात पिल्लू बिळाबाहेर पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे ही सवय तिच्यात आलेलीच नाही. ते आपण परत ठेवायचे.

पिल्लू गार पडले आहे: गार आणि ताठ पिल्लू मेलेच असे समजू नका. ते दोन्ही तळहातांत धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवा. हळूहळू ऊब द्या. पुष्कळदा अर्ध्या तासात ते हलू लागते. पूर्ण ऊब येईपर्यंत तोंडात दूध घालू नका. गार पिल्लाला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जाते. ऊब आली की भावंडांच्या मधोमध ठेवा.

आईने केस उपटले नाहीत: पहिलारू सशीण हे काम कधी कधी विसरते. वडीलधाऱ्या माणसाने तिला मांडीवर घेऊन छातीचे सैल केस बोटांनी हलकेच काढून घरट्यात घालावेत. सहज सुटतील तेवढेच, ओढू नयेत.

आई पाजतच नाही: पहिल्या चोवीस तासांत दूध उशिरा उतरू शकते, तेव्हा घाई करू नका. त्यानंतरही पोटे रिकामी दिसली, तर सकाळी लवकर सशिणीला अलगद खोक्यात ठेवा, पाठीवरून हात फिरवीत पाच मिनिटे शांत बसू द्या. पिल्ले आपली आपण सड शोधतील. असे दोन-चार दिवस केले की बहुतेक सशिणी स्वतःहून पाजू लागतात. शेजारी दुसरी सशीण दोन-तीन दिवसांच्या फरकाने व्यायलेली असेल, तर तिच्या घरट्यात एक-दोन पिल्ले घालता येतात. ती सहसा भेद करीत नाही.

सड गरम, कडक, लाल किंवा निळसर दिसतात, किंवा सशीण खात नाही: हे दुखणे घरगुती उपायाचे नाही. सशाने दिवसभर न खाणे हेच मुळात धोक्याचे. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

उन्हाळा: ससा थंडी सोसतो, उकाडा सोसत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पिल्ले विखुरलेली, लालसर आणि धापा टाकताना दिसली, तर घरट्यातले थोडे केस काढून स्वच्छ जागी जपून ठेवा. पिंजरा सावलीत हलवा आणि वर ओले गोणपाट टाका. रात्री गारवा आला की केस परत घाला.

आईच्या खाण्याकडे विसरून चालणार नाही. दूध तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाढत जाते. मोठ्या जातीची सशीण त्या वेळी दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास दूध देते. तिला कोरडे गवत हवे तेवढे, ओला चारा, थोडा गव्हाचा कोंडा आणि पाणी चोवीस तास. पाणी तुटले की दूध तुटले.

डोळे उघडल्यानंतर

आठवडाभरात पिल्लाचे वजन दुप्पट होते आणि अंगावर मखमलीसारखी लव येते. दहाव्या-अकराव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्या दिवसापर्यंतही उघडले नाहीत, तर मोठ्या माणसाकडून उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने ते हलकेच पुसून घ्या. पू दिसला तर पशुवैद्याला दाखवा.

या सुमारास एक विचित्र गोष्ट दिसेल. सशीण घरट्यात थोड्या लेंड्या टाकून जाते आणि पिल्ले त्या कुरतडतात. ही अस्वच्छता म्हणून नाक मुरडू नका. गवत पचवायला लागणारे सूक्ष्मजंतू पिल्लांच्या आतड्यात येण्याची ती एक वाट आहे. आईने काय खाल्ले याची चवही पिल्लांना आधीच कळते. हंगेरीतील प्रयोगांत ज्या सशिणींना जुनिपर या झुडपाची फळे खायला दिली होती, त्यांच्या पिल्लांनी दूध सुटताना तेच खाद्य आवडीने निवडले. काय खाणे सुरक्षित आहे, हा पहिला धडा आई न बोलता देते.

पंधराव्या ते अठराव्या दिवसांत पिल्ले खोक्याबाहेर उड्या मारू लागतात आणि तीन आठवड्यांची झाली की आईच्या चाऱ्यात तोंड घालतात. आता खोके काढून घेता येते. दूध हळूहळू कमी होते. तरी पाळायला द्यायची पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत आईपासून तोडू नयेत. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात पोट फार नाजूक असते. नवा चारा एकदम न देता रोज थोडा थोडा वाढवावा.

करून पाहा

एका वहीत दिनांक, पिल्लांची संख्या, प्रत्येकाचे वजन आणि खोलीचे तापमान असे रकाने आखा. स्वयंपाकघरातला लहान काटा यासाठी चालतो. पिल्लू ओळखण्यासाठी कानाच्या आत खाण्याच्या रंगाचा ठिपका द्या. रोज ठरावीक वेळी वजन करा आणि आलेखकागदावर वजन व दिवस यांचा आलेख काढा. रेघ वर चढत असेल तर सगळे ठीक. एखाद्या पिल्लाची रेघ दोन दिवस आडवी राहिली, तर डोळ्यांना काही दिसायच्या आधीच आलेख तुम्हाला सावध करील. पहिल्या आठवड्यात वजन दुप्पट व्हायला कोणाला किती दिवस लागले? विणीत पिल्ले जास्त असली तर हे दिवस वाढतात का? तुमच्या वहीतूनच उत्तर काढा.

इतके करूनही पहिल्या विणीतली काही पिल्ले, कधी सगळीसुद्धा, जाऊ शकतात. पहिलारू सशिणीच्या बाबतीत हे पुष्कळ वेळा होते. तेवढ्यावरून तिला वाईट आई ठरवू नका. तिला महिना-दोन महिने विसावा द्या, चांगले खाऊ-पिऊ घाला. अशा कित्येक सशिणी दुसऱ्या विणीत सगळी पिल्ले व्यवस्थित वाढवतात. तुमच्या वहीतली पहिल्या वेळची नोंद तेव्हा उपयोगी पडेल.

आणि हो, रानातली गोष्ट विसरू नका. शेताच्या बांधावर किंवा गवतात कधी रानसशाचे एकटे, निपचित बसलेले पिल्लू दिसले, तर ते पोरके आहे असे समजून घरी आणू नका. रानससा हा वन्य प्राणी असून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला पकडणे गुन्हा आहे. शिवाय त्या पिल्लाला मदतीची गरज बहुधा नसतेच. त्याची आई जवळच कुठेतरी आहे आणि अंधार पडण्याची वाट पाहत आहे. तुम्ही तिथून दूर जाणे, हीच त्या पिल्लाला तुमची मदत.